करंटचे बिल : दोष कोणाचा?

महागाईची चर्चा आपल्याकडे भाजीच्या भावापासून सुरू होते आणि करंटच्या बिलावर येऊन थांबते. महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना आपल्या तोंडचा हा 'करंट' ऐकून हसू येते. ते 'लाइट बिल' म्हणतात. नाव कोणतेही द्या, उन्हाळा लागला की काचीगुड्याच्या चौकात, बरकतपुऱ्याच्या बसथांब्यावर आणि आपल्या कँटीनमध्ये एकच विषय असतो : यंदा बिल किती आले? आणि लगेच दुसरा प्रश्न येतो : याला जबाबदार कोण?

या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे प्रत्येकाजवळ तयार असतात. कोणी मीटरची नोंद घेणाऱ्याला बोल लावतो. कोणी म्हणतो, शेतकऱ्याला फुकट देतात आणि आपल्याकडून वसूल करतात. कोणी अमुक मोहल्ल्याकडे बोट दाखवतो : तिथे आकडे टाकून करंट घेतात, त्याचा भुर्दंड आपल्याला. वडीलधारी मंडळी आपल्या घरातल्या पोरांवर घसरतात : पंखा चालू ठेवून बाहेर जाता, मग बिल येणार नाही तर काय? मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. आरोप ऐकला की त्याचा जमाखर्च मांडून पाहावा, ही आमच्या विषयाची शिकवण. म्हणून या लेखात तो मांडून पाहतो.

प्रथम दराचा विचार करू. तेलंगणात सुमारे पाच वर्षे घरगुती दर स्थिर होते. नंतर १ एप्रिल २०२२ पासून राज्याच्या वीज नियामक आयोगाने नवे दर लागू केले. वाढ युनिटमागे १० ते ५० पैशांची होती. ऐकायला किरकोळ वाटते. पण सर्वांत खालच्या टप्प्याचा, म्हणजे पहिल्या ५० युनिटांचा दर १ रुपया ४५ पैशांवरून १ रुपया ९५ पैसे झाला, आणि सर्वांत वरच्या टप्प्याचा ९ रुपये ५० पैशांवरून १० रुपये. दोन्हीकडे पन्नासच पैसे. मात्र खालच्या माणसाला ही वाढ शेकडा चौतीसची होती आणि वरच्याला शेकडा पाचची. समान वाढ म्हणजे समान भार नव्हे, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात.

त्यानंतर २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांत घरगुती युनिटाच्या दराला हात लागला नाही. तरी अनेकांची बिले फुगली. याचे एक कारण उघड आहे : उन्हाळे कडक झाले, कूलरच्या जागी एसी आले, घरोघरी फ्रिज आणि वॉशिंग मशीन आले. परंतु दुसरे कारण बिलाच्या मांडणीत दडलेले आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. ते कारण म्हणजे टप्पे, ज्याला आपण स्लॅब म्हणतो.

२०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे हिशेब करू. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराला पहिल्या १०० युनिटांना ३ रुपये ४० पैसे आणि पुढच्या १०० ना ४ रुपये ८० पैसे दर लागतो. एकूण ८२० रुपये. (स्थिर आकार, ग्राहक आकार आणि वीजशुल्क सध्या बाजूला ठेवू.) आता त्याच घरात एक युनिट जास्त जळले, म्हणजे २०१ झाले, तर काय होईल? सामान्य माणसाला वाटेल, त्या एका युनिटाचे पाचसात रुपये वाढतील. तसे होत नाही. २०० ची रेघ ओलांडताच मागची दोनशेच्या दोनशे युनिटे ५ रुपये १० पैशांनी मोजली जातात आणि वरच्या एका युनिटाला ७ रुपये ७० पैसे लागतात. बिल होते १०२७ रुपये ७० पैसे. म्हणजे ते एक युनिट २०७ रुपये ७० पैशांना पडले! १०० च्या रेघेवरही हाच प्रकार आहे. १०० युनिटांचे २५२ रुपये ५० पैसे आणि १०१ युनिटांचे ३४४ रुपये ८० पैसे.

या पद्धतीमागे एक न्याय्य विचार आहे, हे मान्य केले पाहिजे. जो जास्त वापरतो तो सधन, म्हणून त्याने जास्त द्यावे आणि गरिबाला स्वस्त मिळावे. हेतूला कोण नाही म्हणेल? पण या विचारात एक गृहीतक आहे : एक मीटर म्हणजे एक कुटुंब. आपल्या काचीगुड्यात, निंबोलीअड्ड्यात, कुतबीगुड्यात हे गृहीतक किती घरांना लागू पडते, हे गल्लीतून एक फेरी मारून पाहावे. मी परभणीकडून शिकायला आलो. काचीगुडा स्टेशनावर उतरणाऱ्या माझ्यासारख्या कित्येकांना पहिली खोली याच भागात मिळते. मी राहतो त्या जुन्या घरात तीन बिऱ्हाडे आहेत आणि मीटर एक. खाली एक शिवणकाम करणारी बाई आणि तिची दोन मुले, मध्ये एक वृद्ध जोडपे, वर आम्ही तिघे विद्यार्थी. एसी कोणाकडेच नाही.

समजा, अशा घरातली तिन्ही बिऱ्हाडे महिन्याला ९५-९५ युनिट वापरतात. प्रत्येकाचे मीटर वेगळे असते तर प्रत्येकाला २३७ रुपये आणि तिघांना मिळून ७११ रुपये आकार लागला असता. एकाच मीटरवर २८५ युनिट दिसतात, म्हणून आकार होतो १६७४ रुपये ५० पैसे. दुपटीहून अधिक! तेच दिवे, तेच पंखे, तीच माणसे. फरक एवढाच, की मीटर युनिटे मोजते, माणसे मोजत नाही. त्यामुळे गरिबासाठी ठेवलेला स्वस्त दर गरिबाला मिळत नाही आणि श्रीमंतासाठी लावलेला चढा दर तोच भरतो.

याला आणखी एक पदर आहे. मार्च २०२४ पासून राज्यात 'गृहज्योती' योजना सुरू झाली. पात्र रेशनकार्डधारक कुटुंबाला २०० युनिटांपर्यंत बिल शून्य. आपल्या कन्नड विभागातील मित्रांना हे नाव ओळखीचे आहे, कारण कर्नाटकात याच नावाची योजना २०२३ मध्येच आली. तिथे वर्षाची सरासरी अधिक दहा टक्के अशी मर्यादा घातली आहे आणि भाडेकरूंनाही लाभ घेता येतो. योजना चांगलीच आहे. परंतु तिचा लाभही मीटरला चिकटलेला आहे. स्वतंत्र मीटर असलेल्या घरात शून्याचे बिल येते, आणि आमच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंजवळ कार्ड असले, तरी सामाईक मीटर २०० च्या पुढे गेल्याबरोबर त्यांच्या वाट्याला पूर्ण बिलाचा हिस्सा येतो. देवाने दिले आणि दारातून परत गेले, अशातली गत!

मग दोषी कोण? आरोपी एकेक करून तपासू.

मीटरची नोंद घेणारा निर्दोष सुटतो. तो यंत्रावरचा आकडा टिपतो, दर ठरवत नाही. तरी उंबऱ्यावर शिव्या त्यालाच मिळतात, कारण व्यवस्थेतला तेवढाच एक माणूस आपल्याला दिसतो.

शेतकरीही सुटतो. २००४ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात मोफत शेतीवीज आली आणि १ जानेवारी २०१८ पासून तेलंगणात ती चोवीस तास झाली. पण २००३ च्या वीज कायद्याचे ६५ वे कलम सांगते, की सरकारला कोणाला सवलत द्यायची असेल तर तिचे पैसे सरकारने वितरण कंपनीला आगाऊ द्यावेत. तेव्हा प्रश्न शेतकऱ्याला फुकट का, असा नसून घोषणा करणाऱ्याने पैसे वेळेवर भरले का, असा आहे.

आकडे टाकणारा चोर अर्थातच दोषी आहे. परंतु चोरी एका मोहल्ल्याची किंवा एका जमातीची मिरास नव्हे, आणि शेजाऱ्यावर संशय घेऊन आपले बिल कमी होत नाही.

आता मोठ्या थकबाकीदाराकडे येऊ. डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने विधानसभेत वीज क्षेत्रावर श्वेतपत्रिका मांडली. तिच्यानुसार वितरण कंपन्यांचा संचित तोटा ६२ हजार कोटी रुपयांच्या वर गेला होता. आणि खुद्द सरकारी खात्यांकडून येणे किती? २८ हजार कोटींहून अधिक. त्यातले निम्मे उपसा सिंचनाच्या योजनांचे. तुमच्या-माझ्या घराने बिल थकवले तर लाइनमन जोडणी तोडून जातो. सरकारी खात्याने थकवले तर त्याचा तोटा पुस्तकात साचतो आणि पुढच्या दरवाढीच्या मागणीत डोके वर काढतो. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. श्वेतपत्रिका नव्या सरकारने जुन्यावर ठपका ठेवण्यासाठी काढली होती, हे मी जाणतो. पण थकबाकीची ही सवय कोणा एका पक्षाची नाही.

दुसरा मोठा दोषी म्हणजे आपल्याला न विचारता केलेला करार. मराठी माणसाला हे सांगायची गरज नसावी. रत्नागिरी जिल्ह्यातला एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प आपल्या आईवडिलांच्या पिढीने पाहिला. १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला, १९९५ मध्ये तो रद्द झाला, पुन्हा बोलणी झाली, १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये महाराष्ट्राच्या वीज मंडळाने ती घेणेच थांबवले, कारण ती परवडेना. वीज घ्या वा न घ्या, ठरलेला आकार द्यावाच लागेल, अशी त्या करारातली मेख होती. तेलंगणातही छत्तीसगडकडून वीज घेण्याचा करार आणि भद्राद्री व यदाद्री ही वीजकेंद्रे यांच्या चौकशीसाठी २०२४ मध्ये आयोग नेमावा लागला. तेव्हाच्या राज्यकर्त्यांनी आपल्या निर्णयांचे समर्थन केले. राजकारण बाजूला ठेवले तरी धडा उरतोच : सही एका दिवसात होते, बिल पंचवीस वर्षे येत राहते.

आणि तिसरा दोष आपल्या सर्वांच्या मौनाचा. आपल्या कॉलेजपासून बशीरबाग फार दूर नाही. २८ ऑगस्ट २००० रोजी वीज दरवाढीविरुद्ध निघालेल्या मोर्चावर तिथे गोळीबार झाला आणि तीन माणसे गेली. त्या वेळी प्रश्न विचारायला लोकांना रस्त्यावर यावे लागले. आज दर ठरण्यापूर्वी आयोग प्रस्ताव जाहीर करतो, लेखी हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. कोणीही नागरिक तिथे बोलू शकतो. आणि बोलल्याने काही होत नाही, असेही नाही. २०२४ मध्ये वितरण कंपन्यांनी महिन्याला ३०० युनिटांहून जास्त वापर असलेल्या घरांचा स्थिर आकार किलोवॅटमागे १० रुपयांवरून ५० करण्याचा प्रस्ताव ठेवला होता. हरकती आल्या, सुनावण्या झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये आयोगाने तो फेटाळला. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी, बिऱ्हाडकरूंनी मात्र आपली बाजू तिथे मांडायला हवी. घरमालकांच्या संघटना असतात, उद्योजकांच्या असतात. एका मीटरवरच्या तीन बिऱ्हाडांची कोणती संघटना आहे?

केवळ तक्रार करून थांबणे बरे नव्हे, म्हणून तीन सूचना करतो. पहिली, प्रत्येक चुलीला स्वतंत्र मीटर सहज आणि कमी खर्चात मिळावे, भाड्याचे घर असले तरी. दुसरी, रेघ ओलांडली म्हणून मागची युनिटे महाग करू नयेत. वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना लावावा. यात मोठ्या घरांचेही दोनशे रुपये वाचतील, ते सर्वांत वरच्या टप्प्यात वसूल करता येतील. तिसरी, सरकारी खात्यांची थकबाकी चुकती होण्याचा कार्यक्रम जाहीर झाल्याशिवाय घरगुती दरवाढीचा विचारच होऊ नये.

शेवटी, प्राध्यापकवर्गाला एक विनंती. वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही कारखान्यांचे ताळेबंद वाचतो. एक तास घरचे बिल वाचण्यासाठी द्यावा. मराठी आणि कन्नड विभागांनी मिळून काचीगुड्यातल्या शंभर घरांची पाहणी करावी : मीटर किती, बिऱ्हाडे किती, युनिटे किती. हे आकडे हातात घेऊन आयोगाला एक हरकतपत्र लिहावे. पुढच्या सुनावणीत बोलणाऱ्यांच्या यादीत वितरण कंपन्या असतील, उद्योजक असतील, राजकीय पक्ष असतील. त्याच यादीत आपल्या कॉलेजचेही नाव असावे.