बापाच्या कष्टांची आरती नको, हिशोब हवा

अमेरिकेत स्थायिक झालेले मेक्सिकन लोक वाडवडिलांची आठवण काढू लागले म्हणजे एक बोल हमखास कानी पडतो: आमचा आजा मोठा कष्टाळू, बापही तसाच, जन्मभर राबले, पण कधी कुरकुर केली नाही. एवढे म्हणून तसबिरीस फुले वाहिली की नातू मोकळा! या आठवणीत माया आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु एवढ्यावरच थांबणारी आठवण अपुरी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कुरकुर न करणारा मजूर सर्वांत जास्त कोणास आवडतो? त्याच्या मालकास! मग मालकाच्या तोंडची शाबासकी नातवाने आजास का द्यावी?

मेक्सिको हा मक्याचा मुलूख. वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे १९२० नंतरच्या काळात तेथे गेले, मक्यावर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी शेतकी शाळा काढल्या. म्हणून हे नाव आपल्या काही वाचकांस ठाऊक असेल. अशा मुलखातला कुणबी घरदार सोडून उत्तरेस का गेला? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या शेतांवर माणसे कमी पडू लागली. सबब १९४२ साली दोन्ही सरकारांनी करार केला. तो १९६४ अखेरपर्यंत चालला आणि त्याखाली सुमारे ४६ लाख करारपत्रे झाली. एकच माणूस पोटासाठी पुन्हा पुन्हा जाई. या मजुरांचे नाव पडले 'ब्रासेरो'. स्पॅनिश भाषेत 'ब्रासो' म्हणजे बाहू. हवे होते ते बाहू. त्या बाहूंमागच्या माणसाशी कोणास काय कर्तव्य? भरतीच्या वेळी हातांवरचे घट्टे पाहात, जसे बाजारात बैलाचे दात पाहावे! सरहद्दीवर कपडे उतरवून अंगावर डीडीटीची भुकटी मारीत. असा गेला तो आजा. आता त्याचा हिशोब पाहा.

पहिली बाब मजुरीची. करार सुरू झाल्यापासून पहिली काही वर्षे प्रत्येकाच्या मजुरीतून शेकडा १० कापून घेत. गावी परतल्यावर ही शिल्लक तुम्हांस मिळेल, असे वचन होते. पैसा बँकांतून मेक्सिकोस गेला म्हणतात. पण असंख्य मजुरांच्या हाती त्यातली कवडीही पडली नाही. म्हातारे झालेल्या ब्रासेरोंनी आणि त्यांच्या मुलांनी मोर्चे काढले, कोर्टकचेऱ्या केल्या, तेव्हा कोठे २००५ साली मेक्सिको सरकारने निधी उभारला आणि दाखला दाखवील त्यास ३८ हजार पेसो देऊ केले. ज्या घरात जुने करारपत्र पेटीत जपले होते, त्या घराला दाद मिळाली. ज्या घरात नुसत्या गोष्टीच उरल्या होत्या, ते घर हात हलवीत परतले. कागदाची किंमत यापरते कोणी काय सांगावी?

दुसरी बाब पाठीच्या कण्याची. कॅलिफोर्नियात भाजीची व बीटाची रोपे विरळ करण्यास आखूड दांड्याची कुदळ देत. दांडा हातभर, म्हणजे दिवसभर कमरेत दुमडूनच काम. कोणी पाठ सरळ केली की मुकादमास लांबून दिसे. मालक म्हणत, लांब दांडा दिला तर पिकाची नासाडी होईल. १९७५ साली त्या राज्यात ही कुदळ बंद झाली. पीक काही बुडाले नाही! मग इतकी वर्षे मोडली ती मजुरांची कंबर कशासाठी? आजा वाकून चालत असे, ही म्हातारपणाची खूण म्हणून सांगू नका. ती त्या कुदळीची खूण होती.

तिसरी बाब नावाची. २८ जानेवारी १९४८ रोजी कॅलिफोर्नियात एक विमान कोसळले व ३२ जीव गेले. त्यांपैकी २८ जण परत पाठविले जाणारे मेक्सिकन मजूर होते. बातम्यांत विमानाचे कामगार व पहारेकरी यांची नावे आली. मजुरांस नुसते 'हद्दपार' म्हटले. फ्रेस्नो येथे त्यांस एका खड्ड्यात पुरले. नावे कोरलेला दगड तेथे बसला तो २०१३ साली, म्हणजे ६५ वर्षांनी!

कोणी म्हणेल, जुनी मढी उकरून काय लाभ? लाभ असा की आजही मेक्सिकोचे मजूर हंगामी परवान्यावर त्याच शेतांत जात आहेत. आजाचा हिशोब ज्याने मांडला नाही, त्यास नव्या मजुराचा हिशोब कसा दिसणार?

आता बापाविषयी. होसे हर्नांडेझ या गृहस्थाचे आईबाप मिचोआकान प्रांतातले शेतमजूर. पिकामागे पीक धरून कॅलिफोर्नियाभर फिरायचे आणि हिवाळ्यात गावी परतायचे, असे त्यांचे चक्र. पोरांची शाळा दर वर्षी तुटे. दुसऱ्या इयत्तेच्या बाईंनी घरी जाऊन बापास विनविले की, एका जागी राहा, मुले हुशार आहेत. बाप स्वतः तिसरीपर्यंत शिकलेला. पण त्याने ऐकले आणि बिऱ्हाड एके ठिकाणी रोविले. त्या मुलास अंतराळवीरांच्या निवडीत ११ वेळा नकार मिळाला. तरी तो हटला नाही, आणि ऑगस्ट २००९ मध्ये अंतराळात गेला. आम्ही मास्तरकी करणारे लोक. आम्हांस या गोष्टीतले आकाश तितके मोठे वाटत नाही, जितका तो बिऱ्हाड थांबविणारा बाप मोठा वाटतो. हातातले काम जाईल हे ठाऊक असता पोरांच्या पाटीसाठी थांबणे, हे दहा शेते खुरपण्याहून अवघड काम आहे.

तेव्हा वाचकहो, राबून गेलेल्या बापास नुसते कष्टाळू म्हणू नये. तो किती राबला, कोणासाठी राबला, त्यास काय मिळाले व काय बुडविले गेले, हे मुलास लिहून द्यावे. त्याचा कागद जपावा, त्याचे पूर्ण नाव मुलांकडून पाठ करून घ्यावे. आणि ज्याचा हात घट्ट्यांनी भरला होता त्याच्या नातीच्या हाती लेखणी आहे की नाही, हे आधी पाहावे. तसबिरीवरची फुले दुसऱ्या दिवशी सुकतात; मांडलेला हिशोब सुकत नाही.