धुरंधरांचा दरबार : पाहिलेले आणि कल्पिलेले

जूनचा पहिला आठवडा उजाडला की देवनार-गोवंडीपासून मानखुर्दपर्यंतच्या नाक्यांवर राज्याभिषेकाचे फलक लागतात आणि मोबाईलच्या पडद्यावर एक चित्र हातोहात फिरू लागते. सिंहासनाधिष्ठित शिवछत्रपती, भोवती शंभराहून अधिक माणसांचा दरबार, समोर अदबीने झुकलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन. खाली मजकूर असतो ‘६ जून १६७४’. चित्रकाराचे नाव बहुधा नसते. जणू त्या दिवशी रायगडावर कोणी छायाचित्रकार उभा होता!

हे चित्र महादेव विश्वनाथ धुरंधरांचे आहे, आणि ते विसाव्या शतकातील आहे. ज्या सोहळ्याचे ते ‘दर्शन’ घडवते, त्याला तोवर सुमारे अडीचशे वर्षे उलटून गेली होती.

धुरंधरांचा जन्म १८६७ साली कोल्हापूरचा. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथील शिक्षण युरोपीय अकादमींच्या वळणाचे होते. आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग जिवंत माणसावरून अभ्यास आणि त्यानंतर तैलरंग. या शिस्तीत हात असा तयार होई की न पाहिलेली गोष्टही पाहिल्यासारखी रंगवता यावी. विद्यार्थी म्हणून आलेले धुरंधर तेथेच शिक्षक झाले आणि १९३० मध्ये संस्थेच्या संचालकपदाची हंगामी धुरा सांभाळणारे पहिले भारतीय ठरले. या दीर्घ सहवासावर त्यांनी लिहिलेले ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन मराठी कलेतिहासाच्या अभ्यासकाने टाळू नये.

अशा हाताची ताकद आणि जोखीम समजून घ्यायची तर क्षणभर पॅरिसला जावे लागते. झाँ-लेओं जेरोम हा तेथील अकादमी परंपरेचा मोठा मानकरी. १८७२ साली त्याने ‘पोलिचे व्हेर्सो’ हे चित्र रंगवले. रोमच्या रिंगणात विजयी ग्लॅडिएटर उभा आहे आणि प्रेक्षक अंगठा खाली करून पराभूताचा मृत्यू मागत आहेत. जेरोमने शिरस्त्राणे आणि चिलखते पॉम्पेईच्या अवशेषांवरून अभ्यासली होती. पण अंगठ्याचे काय? लॅटिन शब्दांचा अर्थ केवळ ‘वळवलेला अंगठा’ एवढाच आहे. तो वर की खाली, हे जुने ग्रंथ सांगत नाहीत. तरीही जगाने ‘अंगठा खाली म्हणजे मरण’ हे पक्के धरले, आणि २००० सालच्या ‘ग्लॅडिएटर’ चित्रपटाचा दिग्दर्शक रिडली स्कॉट याच चित्राने भारावला होता. शिरस्त्राण खरे असल्यामुळे अंगठाही खरा वाटला.

धुरंधरांच्या दरबाराचेही तसेच आहे. ऑक्झिंडन हा प्रत्यक्ष साक्षीदार. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांवर मोठ्या दातांची मत्स्यमुखे, घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाचे चिन्ह म्हणून तराजू होता, असे त्याने नोंदवले आहे. हा पुरावा. दरबाऱ्यांचे चेहरे, पगड्यांच्या घड्या, पडणारा प्रकाश ही मात्र चित्रकाराची कल्पना. कल्पना करणे हा त्याचा अपराध नव्हे, तो त्याचा धर्म होता. चूक होते ती चित्राखालचे नाव पुसून वर तारीख चढवणाऱ्याची. महाराजांच्या मुखचित्राबाबत ही चूक महाराष्ट्राने आधीच एकदा केली आहे. भलत्याच माणसाचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून प्रचारात होते. १९३३ मध्ये वा. सी. बेंद्रे यांनी जुन्या डच साधनांच्या आधारे अस्सल चित्र पुढे आणले, तेव्हा तो गैरसमज सुटू लागला.

यात आणखी एका गोष्टीचा बळी जातो, आणि तीच अधिक खेदाची. धुरंधरांनी जे खरोखर पाहिले, ते कोणी पुढे पाठवत नाही. मुंबईच्या रस्त्यावरची माणसे, पाठारे प्रभूंच्या घरातील लग्ने, नऊवारीचे तऱ्हेतऱ्हेचे नेसणे, पोस्टकार्डांवर उतरलेल्या मोलकरणी आणि फेरीवाले. त्या काळी देवनार हे तुर्भे बेटावरचे, ठाणे जिल्ह्यातील एक गाव होते. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली निर्माण झाला. त्या पिढीच्या शहराचे कपडे, दागिने, भांडी, उभे राहण्याच्या लकबी शोधायच्या असतील, तर धुरंधर हे पहिल्या प्रतीचे साधन आहे.

अर्थात तेही चाळणीतून घ्यावे लागते. १९१२ मध्ये एस. एम. एडवर्ड्स यांच्या मुंबईवरील पुस्तकाला धुरंधरांची चित्रे होती, आणि एडवर्ड्स त्या वेळी मुंबईचे पोलीस आयुक्त होते! पुढे ऑटो रॉथफेल्ड या सनदी अधिकाऱ्याच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथातही जातवार, प्रांतवार स्त्रिया धुरंधरांनीच रंगवल्या. ‘नमुने’ गोळा करण्याची ती साहेबी हौस होती, आणि चित्रकार त्या चौकटीत काम करत होता. पण चौकट साहेबाची असली तरी पदर कुठून कसा वळतो, याचे ज्ञान घरचे होते.

विदेशी वळणाची कला म्हणून या पिढीला हिणवण्याची रीत जुनीच. कलकत्त्यात हॅवेल यांनी युरोपीय नमुने मोडीत काढले आणि ‘भारतीय’ चित्रकला कोणती याचा निवाडा दिला; पुढच्या आधुनिकांनी उरलीसुरली पत घालवली. त्या निवाड्यात तथ्य किती, हा वाद आता निवांतपणे घालता येईल. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा निदान मूळ कामे एकत्र पाहण्याची सोय झाली. गोवंडीहून हार्बरची गाडी धरली तर शेवटच्या स्थानकापासून जे. जे.चे आवार चालत गाठता येते.

धुरंधर आपल्या चित्रांवर कोपऱ्यात सही करीत आणि अनेकदा सालही घालीत. मोबाईलच्या चौकोनात बसवण्यासाठी चित्र कापले जाते, तेव्हा सर्वांत आधी जातो तो हाच कोपरा.