टब आहे हो, पण गरम कुठाय?

नवीन फ्लॅटच्या ब्रोशरमध्ये हल्ली एक फोटो हमखास असतो. पांढराशुभ्र टब, कडेला मेणबत्त्या, एखादं ऑर्किड. रत्नागिरीतही आता हे लोण पोचलंय. भाट्ये-गणपतीपुळ्याकडच्या होमस्टेवाल्यांनी टब बसवले, मारुती मंदिर परिसरातल्या नव्या बिल्डिंगांमध्ये ‘मास्टर बाथ’ आले. आणि मग डिसेंबरातल्या एखाद्या शनिवारी, आठवडाभर टार्गेटं हाणून दमलेला जीव टबात उतरतो आणि किंचाळतो. पाणी कोमट! इलेक्ट्रिशियनला फोन जातो, गीझरला शिव्या बसतात. गीझर बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो.

कसं ते बघा. गणित दहावीचंच आहे, घाबरू नका. नळाचं पाणी २५ अंशांचं, गीझर १५ लिटरचा, आतलं पाणी तापतं ६० अंशांपर्यंत. त्यात गार पाणी मिसळून अंगाला बरं वाटेल असं ३८ अंशांचं पाणी केलं, तर किती होतं? ४० लिटर. म्हणजे बरोब्बर दोन बादल्या. आपल्या आईबाबांची आंघोळ दोन बादल्यांत व्हायची, गीझर त्याच हिशेबाने बनलाय. टबाला मात्र १५० लिटर लागतात. म्हणजे जवळजवळ चार गीझर भरून पाणी. २ किलोवॉटच्या गीझरला एकदा तापायला १८ मिनिटं. चौथा हप्ता येईपर्यंत पहिला हप्ता टबात गार पडलेला! त्यात टब विटा-टाइल्स लावून बांधलेला असेल तर पहिली अर्धी ऊब टबच पिऊन टाकतो. यात बिघाड काहीच नाही. दुरुस्ती एकच: मोठा गीझर, किंवा छोटा टब.

आता दुसरा संशयित, ज्याच्याकडे कुणीच बघत नाही. व्होल्टेज. ‘लाइट डाऊन आहे’ हे वाक्य कोकणात ज्याने ऐकलं नाही त्याने कोकण पाहिलं नाही. पण डाऊन म्हणजे किती डाऊन? गीझरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर आपल्याला वाटतं, चला, थोडं कमी. प्रत्यक्षात २००० वॉटचा गीझर १२२५ वॉटवर येतो आणि १८ मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं. बल्ब मंद झाला की डोळ्यांना दिसतं, गीझर मंद झाला की फक्त अंगाला कळतं. तेव्हा कॉइल बदलायला सांगण्याआधी इलेक्ट्रिशियनला म्हणा, दादा, आधी मीटर लावून बघा ना, व्होल्टेज किती येतंय.

आणि खारा वारा. समुद्राकडच्या घरांत गीझरचे टर्मिनल गंजतात, वायरचं टोक काळं पडतं, कनेक्शन ढिलं होतं. टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक दांडी असते. तिचं आयुष्यातलं एकमेव काम म्हणजे टाकीऐवजी स्वतः झिजणं. (ऑफिसातही असा एक माणूस असतो.) बोअरचं पाणी मचूळ असेल तर ती भराभर संपते, आणि मग पाळी टाकीची. वर्षातून एकदा ती उघडून बघायला सांगा.

हे झालं साध्या टबाचं. जकुझी आणि हॉट टब ही निराळी प्रकरणं आहेत, आणि आपल्याकडे सगळ्यालाच जकुझी म्हणतात. जकुझी हे मुळात आडनाव! इटलीतून कॅलिफोर्नियात गेलेलं कुटुंब, धंदा शेतीच्या विहिरींचे पंप बनवण्याचा. घरातल्या एका मुलाला संधिवात होता. त्याला घरीच पाण्याचा शेक-मसाज मिळावा म्हणून १९५६ साली त्यांनी टबात सोडायचा पंप काढला. भिंतीत जेट बसवलेला तयार टब आला १९६८ मध्ये. थोडक्यात, ऐषआरामाची ही वस्तू बोअरवेलच्या पंपाची नात आहे.

तर जकुझीत जेट असतात, पण बऱ्याच मॉडेलांत स्वतःचा हीटर नसतो. उलट जेटमधून हवा मिसळते, आणि ती पाणी आणखी गार करते. बुडबुडे कमी करा, ऊब टिकेल. हॉट टबात मात्र पाणी तेच राहतं आणि त्याचा हीटर असतो. तो तापत नसेल तर पहिला आरोपी फिल्टर. फिल्टर तुंबला की पाण्याचा प्रवाह मंदावतो, आणि प्रवाह मंदावला की आतलं सेन्सर हीटरच बंद करतं, नाहीतर हीटर कोरडा जळेल. फिल्टर काढा, धुवा, पुन्हा लावा. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात. पाण्याची पातळी कमी असेल किंवा पाइपात हवा अडकली असेल तरी हेच होतं. आणि पेशन्स ठेवा. १००० लिटरचा टब ३ किलोवॉटच्या हीटरवर २५ वरून ३८ अंशांवर न्यायला निदान पाच तास लागतात, तेही झाकण घातलेलं असेल तर. उष्णता सगळ्यात जास्त पळते ती वाफेवाटे, पृष्ठभागावरून. झाकण न घालता तापवत बसणं म्हणजे खिडक्या उघड्या टाकून एसी लावणं.

आता सीरियस गोष्ट. सगळं बघून झालं तरी पाणी तापत नाही, तेव्हा एखादा कारागीर म्हणतो, ‘साहेब, थर्मोस्टॅट गेलाय. पार्ट मुंबईहून यायला आठ दिवस. तोवर डायरेक्ट करून देतो.’ डायरेक्ट म्हणजे थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही वगळून वायर थेट कॉइलला. पाणी असं काही तापतं की तुम्ही खूश. फक्त आता ते थांबवणारं कुणी उरलेलं नसतं. स्विच बंद करायला विसरलात, वर सेफ्टी व्हॉल्व्ह खाऱ्या हवेने जाम झालेला, की भिंतीवरचा गीझर म्हणजे बॉम्ब. प्लीज, आठ दिवस गॅसवर पाणी तापवा. डायरेक्ट करू देऊ नका. भाड्याचा फ्लॅट असेल तर आधीच्या भाडेकरूने डायरेक्ट करून घेतलंय का, हेही एकदा उघडून बघायला लावा.

तसंच अर्थिंगचं. जांभ्याच्या कातळावर मार्च-एप्रिलमध्ये जमीन ठणठणीत कोरडी, आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग धड लागत नाही. पाणी आणि वीज एकाच खोलीत नांदवायची तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बोर्डात हवाच. त्यावर टेस्ट लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला पाहिजे. टबाला भरपूर पाणी मिळतं म्हणून गॅस गीझर घेणार असाल तर तो बाथरूमच्या बाहेर बसवा. बंद खोलीत त्यातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि माणूस टबातून उठतच नाही. सोलर छान, पण जून ते सप्टेंबर कोकणात सूर्याची रजा असते.

पूर्वी या घरांत मागीलदारी तांब्याचा बंब असायचा. खाली नारळाची सोडणं, करवंट्या आणि चुडतं. थर्मोस्टॅट म्हणजे आजीचा हात. टब नव्हता, तक्रारही नव्हती.

आणि खरा हॉट टब हवाच असेल तर रत्नागिरी जिल्ह्यात निसर्गाने फिटिंगसकट बसवून ठेवलेत. मुंबई-गोवा हायवेवर संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ आणि राजवाडी, दापोलीकडे उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे. ‘उन्हाळे’ या शब्दाचा अर्थच गरम पाण्याचा झरा. खाली ज्वालामुखी वगैरे काही धुमसत नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. बिल शून्य, व्होल्टेजचं टेन्शन नाही. इथे तक्रार उलटी असते. तुरळचं पाणी साठीच्या आसपास, थेट पाय घालाल तर भाजून निघाल. आरवलीचं अंगाला सोसवण्यासारखं. टब घरचा असो वा देवाचा, ४० अंशांच्या वर जाऊ नका, दहा-पंधरा मिनिटांत बाहेर या, बिअर मारून उतरू नका. बीपी किंवा हार्टचा त्रास असेल किंवा घरात गोड बातमी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि जाताना साबण गाडीतच ठेवा, कुंडातलं पाणी पुढच्यालाही वापरायचं असतं.