सफर की स्वारी?

अंतराळविषयक चित्रपटाची थोरवी त्यातील विज्ञानाच्या अचूकपणावरून ठरवावी, असा एक समज रसिकांत आणि समीक्षेत रूढ आहे. अंतराळयुगाच्या उंबरठ्यावरील अमेरिकन चित्रपटांची प्रतवारीही याच कसोटीवर होते. ही कसोटी केवळ अपुरी नाही, दिशाभूल करणारी आहे.

१९५० सालचे दोन चित्रपट याची साक्ष देतात. ‘डेस्टिनेशन मून’च्या पटकथेत रॉबर्ट हाइनलाइनचा सहभाग होता, चंद्रभूमीची दृश्ये चेस्ली बोनस्टेलने रंगवली. वजनरहित अवस्था, इंधनाचा हिशेब, निर्वात पोकळीतील वावर हे सारे त्यात कसोशीने सांभाळले आहे. दृश्यपरिणामांसाठी त्याला ऑस्करही मिळाले. पण चंद्रावर जायचे कशासाठी? तेथून क्षेपणास्त्रे डागू शकणारा पृथ्वीवर हुकमत गाजवील, या भयापोटी उद्योगपती पैसा उभा करतात; आणि उतरताच, अखिल मानवजातीच्या हिताचे नाव घेत, अमेरिकेच्या वतीने चंद्राचा ताबा घेतला जातो. गणित काटेकोर, नीती मात्र साम्राज्याची!

त्याच वर्षीचा ‘रॉकेटशिप एक्स-एम’ घाईने आणि अल्प खर्चात झालेला. चंद्राकडे निघालेले यान भरकटून मंगळावर पोहोचते, हे शास्त्रदृष्ट्या हास्यास्पदच. परंतु तेथे प्रवाशांना अणुयुद्धाने बेचिराख झालेल्या संस्कृतीचे अवशेष आढळतात आणि त्यांच्यापैकी एकही जण जिवंत परतत नाही. हिरोशिमानंतर अवघ्या पाच वर्षांनी माणसाच्या भवितव्याचा प्रश्न याच सदोष चित्रपटाने विचारला. अचूकपणाचा मोजदंड त्याला खालची पायरी देतो. तेव्हा दोष मोजदंडाचा असतो.

मराठीला हा भेद परका नाही. ज्यूल व्हर्नच्या आधाराने १९०० साली ‘केरळ कोकिळ’मध्ये आली ती ‘चंद्रलोकची सफर’, पुढे भा. रा. भागवतांच्या अनुवादाचे नाव झाले ‘चंद्रावर स्वारी’. मराठीतील ‘स्वारी’ घोड्यावरची रपेट असते तशीच लष्करी मोहीमही असते. १७३७ साली बाजीराव दिल्लीपर्यंत धडकला, ती स्वारीच. हिंदीत दारासिंगचा ‘चाँद पर चढ़ाई’ आला १९६७ साली. त्याच वर्षी, कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर मालकी सांगता येणार नाही, असे बजावणारा आंतरराष्ट्रीय करार अमलात आला. कायदा ‘सफरी’कडे वळला, तरी पडद्यावर ‘चढाई’च राहिली.

अचूकपणा त्याज्य आहे, असे नव्हे. तो साधन आहे, साध्य नव्हे. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सुमारे आठ दिवस अंतराळात राहून ज्या सोयूझ टी-१० मधून परतले, तिची कुपी दिल्लीच्या तीन मूर्ती परिसरातील नेहरू तारांगणात प्रदर्शनासाठी आली. दोन सोव्हिएत सहप्रवाशांसह तिघे त्या इवल्याशा जागेत अंग आखडून बसले होते. त्या उड्डाणामागेही राजकारण होते. पण त्या कुपीने कोणतीही भूमी जिंकली नाही, माणसांना सुखरूप घरी आणले.

अशा चित्रपटांपुढे आणि विज्ञानकथांपुढे साहित्याच्या अभ्यासकाने पहिला प्रश्न ठेवावा तो यानाच्या वेगाचा नव्हे. कोण निघाले, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या नावाने, हे आधी विचारावे. हे प्रश्न गाळणारी समीक्षा विज्ञानाची बूज राखत नाही. ती फक्त यंत्राला नमस्कार करते.