गंजलेल्या जीपचा भाव उभ्या उभ्या सांगू नका

गंजलेल्या जुन्या जीपच्या बॉडीकामाचा ठोक भाव गाडी न खोलता सांगणारा माणूस एक तर ग्राहकाला फसवतो, नाहीतर स्वतःला. तिसरी शक्यता मला तरी दिसलेली नाही. काही डेंटर मंडळींना हे वाक्य लागेल. पण घरच्या अंगणात एक जीप रिस्टोअर करून पुढे त्याचाच व्यवसाय करायचा विचार तुमच्यापैकी बरेच जण करताहेत, म्हणून स्पष्ट बोलतो.

बाजार आहे का? आहे. महिंद्राने १९४७ मध्ये विलिज जीपची जुळणी सुरू केली, त्यानंतर सीजे थ्रीबी आली, पुढे एमएम ५४० सारख्या डिझेल गाड्या आल्या. शेतकरी, ठेकेदार, सरकारी खाती, सगळ्यांनी त्या पिदडल्या. आजही कुणाच्या गोठ्यामागे, कुणाच्या चिंचेखाली एखादी उभी दिसते. मालकाला ती भंगारात द्यायची नसते, कारण ती आजोबांची असते. इंजिन बांधून देणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावीही मिळतो. पत्र्याचं काम मनापासून करणारा मिळत नाही. संधी तिथेच आहे, आणि पैसे बुडतात तेही तिथेच.

कारण या बॉडीचं वरून कीर्तन, आतून तमाशा असतं. फ्लोअरचा पत्रा वरून बघितला तर दोन-चार भोकं दिसतात. त्याच पत्र्याखाली बॉडीला ताकद देणारे चॅनल स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. त्या दोन पत्र्यांच्या फटीत चिखल आणि पाणी शिरतं आणि वाळत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून फट आतून फुगत जाते आणि जोड उसवतो. मागच्या चाकांच्या कमानी, सीटखालचा टूलबॉक्स, पायरी, बॅटरीची जागा, काचेच्या फ्रेमची खालची पट्टी, ही सगळी त्याच जातीची ठिकाणं. कोकणातली गाडी असेल तर खाऱ्या हवेमुळे अजून एक पायरी पुढे. त्यात कुणीतरी रबरी मॅट टाकलेली असते, म्हणजे ओलावा झाकून जपलेला.

पाहणी करताना तीन वस्तू खिशात ठेवा: लोहचुंबक, छोटी हातोडी, जुना स्क्रू ड्रायव्हर. चुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे पकड एकदम ढिली होते तिथे खाली पुट्टीचा थर आहे. हातोडीने हलकेच ठोका. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द बोलतो. शंका आली की मालकाची परवानगी घेऊन स्क्रू ड्रायव्हर टोचा. एवढं करूनही तुम्हाला अर्धंच कळतं. बाकीचं अर्धं सीट, टाकी आणि जुना रंग निघाल्यावर कळणार.

म्हणून माझं मत असं: कामाचे दोन करार करा. पहिला फक्त गाडी खोलणं आणि साफ करणं, त्याचे पैसे वेगळे आणि आगाऊ. सगळं उघडं पडल्यावर मालकाला बोलवायचं, गंजाचे फोटो दाखवायचे, खडूने कापायच्या रेषा मारायच्या आणि मग प्रत्येक भागाचा भाव लिहून द्यायचा. पटलं तर पुढे, नाही तर पहिल्या कराराचे पैसे मिळालेले आहेत, गाडी घेऊन जा. "असं कुणी करतं का?" असं ग्राहक म्हणेल. म्हणू दे. दवाखान्यात तपासणीची फी वेगळी आणि ऑपरेशनचा खर्च वेगळा असतो, ते त्याला पटतं ना?

आता हिशेब बघा. समजा जागा, वीज, हेल्पर, वेल्डिंगची वायर-गॅस, ग्राइंडरच्या डिस्क आणि मशीनची झीज धरून महिन्याला ४५,००० रुपये जातात. चहा, सामान आणणं आणि ग्राहकाच्या गप्पा वजा करता कामाचे खरे तास उरतात १५०. म्हणजे तुमची स्वतःची मजुरी न धरताच एक तास ३०० रुपयांना पडला. फ्लोअर दोन्ही बाजूंनी कापून नवा बसवायला ६० तास लागले तर १८,००० तिथेच गेले, त्यात पत्रा नाही, रंग नाही. आणि पत्र्याच्या किमतीवरून अंदाज बांधणारा शेजारचा गडी १०,००० सांगून मोकळा होतो. मग तो ते काम कसं पुरं करतो? गंजलेल्या पत्र्यावर ठिगळ ठोकून आणि वर पुट्टी भरून.

ठिगळाचा दोष समजून घ्या, कारण घरी काम करणारेही हेच करतात. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा चढवला की पुन्हा दोन पत्र्यांची फट तयार झाली. ज्या सापळ्यात गाडी कुजली, तोच सापळा तुम्ही नव्याने बनवलात. कुजलेला भाग चांगला, चकाकणारा पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि नवा तुकडा कडेला कड भिडवून बसवायचा. १८ गेजचा सीआरसीए पत्रा बहुतेक जागी चालतो, पण शेजारच्या मूळ पत्र्याची जाडी मोजून ठरवा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा गंजत नाही म्हणून कुणी सुचवेल. वेल्डिंग करताना त्यातल्या जस्ताचा धूर छातीत जातो आणि ताप भरतो, त्यामुळे नकोच. मिग वेल्डिंग सलग ओढू नका. एक टाका इथे, दुसरा लांब तिथे, मध्ये थंड होऊ द्या. नाहीतर पत्रा पापडासारखा वाकतो.

कापायला घेण्याआधी दोन गोष्टी न चुकता. एक, बॉडीच्या आतून अँगलचे तिरपे आधार टाचून घ्या. फ्लोअर निघाला की बॉडीचा आकार पसरतो, मग चासीवरची भोकं जुळत नाहीत. दुसरी त्याहून महत्त्वाची. विलिजच्या घराण्यातल्या जीपमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, म्हणजे बरोबर तुमच्या वेल्डिंगच्या जागी. टाकी झाकून चालणार नाही, काढून लांब ठेवायची. रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण आत वाफ असते. बॅटरीचीही वायर सोडा, आणि ग्राइंडरवर वायर ब्रश लावला की डोळ्यांना गॉगल हवाच. घरी काम करताय म्हणजे शेजारी पोरंबाळं असतात, हे विसरू नका.

ब्रॅकेट, बिजागऱ्या अशा छोट्या भागांसाठी प्लॅस्टिकच्या टबात धुण्याचा सोडा आणि पाणी घेऊन साधा जुन्या पद्धतीचा बॅटरी चार्जर लावला की गंज छान सुटतो. भागाला निगेटिव्ह, टाकाऊ लोखंडाच्या तुकड्याला पॉझिटिव्ह. त्या तुकड्याच्या जागी स्टेनलेस स्टील अजिबात वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर आणि ठिणगीपासून दूर. उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी पुसून, कोरडा करून त्यावर इपॉक्सी प्रायमर मारा. पावसाळ्यात तर काही तासांत पत्र्यावर तांबूस झाक येते, त्यामुळे घरी करणाऱ्यांनी रंगकाम दिवाळीनंतरच धरावं. बंद चॅनलमध्ये जळकं इंजिन ऑइल फवारायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. मला ती घाणेरडी वाटते, आणि ते ऑइल हाताला, जमिनीला दोन्हीला वाईट. त्याऐवजी कॅव्हिटी वॅक्स घ्या. आणि पाणी निघून जायची मूळ भोकं बुजवू नका.

कागदांचं बोलायलाच हवं. पहिला करार करण्याआधी आरसी बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी वाढवावी लागते. सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे वाढवली जात नाही, म्हणून "खात्याची गाडी आहे, स्वस्तात मिळाली" असं कुणी म्हणालं तर दोनदा विचार करा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. तिची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर फिरवता येत नाही. शिवाय चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. त्यामुळे "मागून एक फूट लांबवून द्या" म्हणणाऱ्या मालकाला आधी गाडीचं वर्ष विचारा. साध्या नोंदणीच्या गाडीलाही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू आहेच.

व्यवसाय सुरू करण्याआधी स्वतःची एक जीप घरी पूर्ण करा, पण वहीत रोजचे तास लिहून. किती तास खोलण्यात, किती कापण्यात, किती घासण्यात. घासण्याचा आकडा बघून तुम्ही चकित व्हाल. ती वही म्हणजे तुमचं पुढचं दरपत्रक. कोणताही कोर्स, माझा धरून, ती वही देऊ शकत नाही.

शेवटी त्या एका ग्राहकाबद्दल, जो म्हणतो, "दादा, विकायची आहे, पुट्टी भरून चकाचक करून द्या, कोण बघतंय?" पैसे रोख देतो, घासाघीस करत नाही, आणि सुरुवातीच्या महिन्यात असं काम सोडणं जिवावर येतं. सोडा. पुट्टीखालचा गंज पहिल्या पावसाळ्यात फुगतो आणि नवा मालक थेट तुमच्या दारात येतो, कारण जुन्याने गाडी विकताना तुमचंच बिल दाखवलेलं असतं.