चोरी पाटीची, आळ धन्यावर

‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. वाहनाच्या नंबरप्लेटच्या बाबतीत मात्र तिच्यावर विसंबून भागत नाही. त्या पातळ पत्र्याला बाजारात किंमत ती काय! तरीही चोर तो नेतो, ते पत्र्यासाठी नव्हे, त्यावरील क्रमांकासाठी. एखाद्या चोरीच्या मोटारीवर ती पाटी चढली, की तिची सारी कृत्ये आपल्या नावावर जमा होऊ लागतात. चौकातील कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दंडाची नोटीस त्या क्रमांकाच्या धन्याकडे येते. दंडावर निभावले तर ठीक. पण त्या वाहनाने कोणाला उडविले असेल, तर पोलीस प्रथम आपलेच दार ठोठावणार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच.

या धोक्यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने २००१ साली उच्च सुरक्षा नंबरप्लेटचा नियम केला. १ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या वाहनांना ती विक्रेत्याकडूनच बसवून मिळते. जुन्या वाहनांसाठीही राज्याराज्यांतून तसे आदेश निघाले आहेत. या पाटीच्या डाव्या अंगास वर अशोकचक्राचा होलोग्राम आणि खाली लेसरने कोरलेला कायम क्रमांक असतो. पुढच्या व मागच्या पाटीवरचा हा क्रमांक निराळा असतो. पाटी ज्या कुलपी खिळ्याने बसवितात, त्याला ‘स्नॅप लॉक’ म्हणतात. तो एकदा बसला की सरळ निघत नाही. काढू गेल्यास मोडतो आणि पुन्हा वापरता येत नाही.

परंतु कुलूप भक्कम असले तरी ते लावलेले हवे ना! बंपर दुरुस्तीस किंवा रंगकामास गाडी गॅरेजात गेली, की कारागीर स्नॅप लॉक तोडून पाटी काढतात आणि काम उरकल्यावर दोन साध्या स्क्रूंनी अडकवून देतात. असे स्क्रू काढावयास पेचकस आणि दोन मिनिटे पुरतात. तेव्हा गाडी ताब्यात घेताना रंगाची चकाकी पाहण्याआधी पाटी हलवून पाहावी, आणि कुलपी खिळा नसल्यास अधिकृत केंद्रावरून बसवून घ्यावा.

बाकीची सावधगिरी बिनखर्चाची आहे. गाडी उजेडात, शक्य तर मागची बाजू भिंतीकडे करून उभी करावी. लेसर क्रमांक घरच्या वहीत टिपून ठेवावेत. गाडी काढताना मागेपुढे एक नजर टाकण्याची सवय मुलांनाही लावावी. आपल्यापैकी अनेकांचे लग्नकार्य, गणपती यांनिमित्त इंदूर-वडोद्याहून पुण्या-मुंबईस जाणे होते. परगावी गाडी रात्रभर रस्त्यावर राहते आणि पाटी गेल्याचे कित्येकदा घरी परतल्यावर ध्यानात येते. तेथे ही नजर अधिक हवी.

इतके करूनही पाटी गेलीच, तर दिरंगाई करू नये. जेथे चोरी झाली तेथील पोलीस ठाण्यात त्याच दिवशी लेखी तक्रार द्यावी आणि नोंदीची प्रत मागून घ्यावी. नवी पाटी मिळविण्यास ती लागतेच. शिवाय तिच्यावरील तारीख हीच आपली खरी ढाल. त्या तारखेनंतरची दंडाची नोटीस आली, तर प्रत जोडून हरकत घेता येते. मात्र नोटीस आपल्यापर्यंत पोहोचली पाहिजे. म्हणून परिवहन खात्याच्या नोंदीत आपला चालू मोबाइल क्रमांक आहे ना, हे आजच पाहावे.

एक मोह कटाक्षाने टाळावा. कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याकडून त्याच क्रमांकाची साधी पाटी करून घेतली, की काम भागले असे वाटते. पण मग एकाच क्रमांकाची दोन वाहने रस्त्यावर येतात, आणि त्यांत खरी खूण अंगावर बाळगणारा चोर ठरतो, आपण नव्हे! नवी पाटी येईपर्यंत चार दिवस बसने गेलेले बरे.

घराच्या दारावरील नावाची पाटी आपण सणासुदीला पुसून लखलखीत ठेवतो. रस्त्यावर आपले नाव मिरविणारी ही दुसरी पाटी. तिच्याकडेही रोज एक दृष्टिक्षेप असू द्यावा.