सुनीताची बॅग आणि आभाळातला टेम्पो

5 जून 2024 रोजी सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर स्टारलायनरमधून अवकाशात झेपावले, तेव्हा त्यांच्या कपड्यांच्या बॅगा पृथ्वीवरच राहिल्या होत्या. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर लघवीपासून पुन्हा पिण्याचं पाणी करणाऱ्या यंत्रणेचा पंप ऐन वेळी बिघडला. नवा पंप धाडणं भाग होतं आणि यानात जागा मोजकी. मग बॅगा उतरवल्या. आठवडाभराचाच तर मुक्काम, तेवढं वर ठेवणीत असलेल्या कपड्यांवर भागेल, असा हिशेब. मुक्काम झाला 286 दिवसांचा! ऑगस्टमध्ये सिग्नस हे मालवाहू यान पोचलं, तेव्हा कुठे कपडे आले.

सुनीता कधी परतणार, यावर आपल्याकडे महिनोन्‌महिने चर्चा रंगल्या. सिग्नसचं नाव फारसं कुणाच्या कानावर पडलं नाही. वरातीत टेम्पोवाल्याचा फोटो कोण काढतो?

हा टेम्पो धावू लागला त्याला अर्धं शतक होत आलं. 20 जानेवारी 1978 रोजी सोव्हिएत संघाने प्रोग्रेस-1 हे मानवरहित यान सल्यूत-6 स्थानकाकडे सोडलं. दोन दिवसांनी ते आपलं आपण जाऊन स्थानकाला जोडलं गेलं. शिधा आणि उपकरणं तर त्यात होतीच, शिवाय त्याने स्थानकाच्या टाक्यांत इंधनही भरलं. तोवर नेलेली शिदोरी संपली की मुक्काम संपे. परतीची रीतही तेव्हाच पडली: रिकाम्या यानात कचरा कोंबायचा आणि यानासकट वातावरणात जाळून टाकायचा. स्थानकावर धुणं धुण्याची सोय नाही, त्यामुळे मळलेले कपडेही याच वाटेने जातात. मालवाहू यानांत ड्रॅगन तेवढं अपवाद. ते प्रयोगांचे नमुने घेऊन समुद्रात सुखरूप उतरतं.

नवं तंत्रज्ञानही याच टेम्पोंतून वर जातं. स्थानकावरचा पहिला त्रिमितीय प्रिंटर 2014 मध्ये ड्रॅगनने नेला. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये नव्या धर्तीचं शौचकूप घेऊन गेलेल्या सिग्नसला नाव दिलं होतं कल्पना चावलाचं.

पण या हमालीची खरी परीक्षा झाली ती 2014-15 मध्ये. 28 ऑक्टोबर 2014 रोजी व्हर्जिनियातून उडालेलं अँटारेस रॉकेट काही सेकंदांतच सिग्नससह कोसळून पेटलं. 28 एप्रिल 2015 ला प्रोग्रेस यान कक्षेत पोचताच गरगरू लागलं आणि हातचं गेलं. 28 जूनला ड्रॅगनला नेणारं फाल्कन-9 दोन-सव्वादोन मिनिटांत फुटलं. तिन्ही वेळा 28 तारीख. ज्योतिष्यांना तेवढंच खाद्य! कारणं मात्र तिन्हींची वेगळी होती: जुन्या सोव्हिएत बनावटीचं इंजिन, रॉकेटपासून विलग होताना झालेला बिघाड, आणि हीलियमची टाकी धरून ठेवणारा एक आधारदांडा. तरी स्थानकावरच्या कुणालाही उपाशी राहावं लागलं नाही. जुलैत दुसरं प्रोग्रेस पोचलं, ऑगस्टमध्ये जपानचं कोउनोतोरी. चार घरचे टेम्पो असण्याचा हा फायदा. एकाच्याच भरवशावर राहिले असते, तर स्थानक रिकामं करायची वेळ आली असती.

भारताच्या अंतरिक्ष स्थानकाचा पहिला भाग 2028 मध्ये सोडण्याचं आणि 2035 पर्यंत स्थानक पूर्ण करण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं आहे. तिथे पहिलं पाऊल कोण ठेवणार याची उत्सुकता आपल्याला आहे. पाण्याच्या पिशव्या कोण पोचवणार, हा प्रश्न चहाच्या टपरीवर सोडाच, संपादकीय पानावरही दिसत नाही. 16 जानेवारी 2025 रोजी इस्रोने स्पेडेक्स मोहिमेतले दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडून दाखवले. मालवाहू यानाला लागणारी मूळ विद्या तीच. त्या विद्येचा टेम्पो होणं बाकी आहे आणि ते काम माणूस पाठवण्याइतकंच निकडीचं मानायला हवं.

आधी टेम्पो, मग माणसं हा क्रम चीनने चुकवला नाही. त्यांचं तियानचौ-1 हे मालवाहू यान 2017 मध्येच उडालं. आजच्या तियानगोंग स्थानकाचा मुख्य भाग एप्रिल 2021 मध्ये वर गेला, मेमध्ये तियानचौ-2 सामान घेऊन पोचलं आणि त्या घरात माणसं आली ती त्यानंतर, जूनमध्ये.